युडीआयडी आलं, म्हणजे निरामय आलं का?

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासाठी थांबलेल्या आयांमध्ये बसलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो, "हे कार्ड निघालं की थेरपीचे पैसे मिळतात ना?" मीही तेच धरून चालले होते. लेकाचं युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आलं आणि मी स्पीच थेरपीची बिलं एका फाईलला लावत गेले. वर्ष सरल्यावर कळलं, ती द्यायची होती निरामय या विमा योजनेकडे, आणि निरामयचा फॉर्म आम्ही भरलाच नव्हता.

युडीआयडी ही ओळख आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी आपल्या मुलाला काय आहे आणि किती टक्के, एवढंच ते सांगतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग तपासणीला बोर्डापुढे जायचं. बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यांक चाचणी होते, स्वमग्नतेसाठी (ऑटिझम) 'इसा' नावाची मोजपट्टी वापरतात. कार्डावरची पट्टी पांढरी असेल तर ४० टक्क्यांहून कमी, पिवळी असेल तर ४० ते ८०च्या आत, निळी असेल तर ८० किंवा जास्त. बहुतेक सवलतींचं दार ४० टक्क्यांना उघडतं; एसटीतली ७५ टक्के सवलत त्यातलीच. अक्कलकोट-मोहोळहून थेरपीसाठी सोलापूरला खेपा घालणाऱ्या घरांना ती खरोखर आधार देते. पण थेरपीचं बिल हे कार्ड भरत नाही.

निरामय हा आरोग्य विमा आहे, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. ओपीडी, औषधं आणि थेरपीही त्यात बसते, म्हणून आपल्या मुलांसाठी तो इतका मोलाचा. विमा घेण्याआधी वैद्यकीय तपासणी नसते. नोंदणीला ५०० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला २५०. खर्च मात्र आधी आपण करायचा, बिलं पाठवून मग परत मिळवायचा. म्हणून पावतीवर मुलाचं पूर्ण नाव आणि तारीख त्याच दिवशी लिहून घ्या.

दोन्हींमधला सगळ्यात जिव्हारी लागणारा फरक यादीत आहे. निरामय फक्त चौघांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली अडचण, युडीआयडीच्या २१ प्रकारांत आहे, निरामयच्या चारांत नाही. त्या मुलाचं कार्ड निघतं, विमा मिळत नाही. आणि नुसतं एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असेल तर ते २१ प्रकारांतही नाही. हे पालकांना पहिल्याच दिवशी कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आशा लावून बसलेल्या आईला सहा महिन्यांनी "तुमचं यात बसत नाही" ऐकावं लागू नये.

क्रम उलटा करता येत नाही. निरामयच्या फॉर्मला दिव्यांग प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणजे बोर्ड आधीच. पाच वर्षांखालच्या मुलाला बहुधा 'विकासात विलंब' असं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. घरची मोठी माणसं म्हणतात, "शिक्का कशाला, बोलेल की हळूहळू." त्यांची माया समजते. पण तात्पुरत्या प्रमाणपत्राने जन्मभराचा शिक्का बसत नाही. मूल वाढलं की पुन्हा तपासतात, टक्केवारी बदलू शकते.

त्यामुळे फाईलच्या पहिल्या पानावर दोन तारखा ठळक लिहा. एक प्रमाणपत्राची मुदत संपण्याची. दुसरी ३१ मार्च, कारण निरामय मध्येच कधी काढलं तरी त्या दिवशी संपतं आणि नूतनीकरण आपणच करायचं असतं.