उपग्रह भूकंप आधी सांगत नाहीत

कोयनेला धक्का बसला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर जुना मेसेज पुन्हा फिरतो: ‘उपग्रहाला जमीन सरकताना दिसते, भूकंप आधीच कळतो.’ दिसतं हे खरं, पण सरकून झाल्यावर.

इस्रो-नासाचा निसार हा रडार उपग्रह 30 जुलै 2025 ला सुटला. तो त्याच कक्षेतून दर 12 दिवसांनी परततो, म्हणजे क्षणोक्षणी पहारा नाहीच. रडारलहरीच्या जाण्यायेण्यात 1 नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे अंतरात 15 सेंटिमीटर. त्याहून बारीक सरकणं टिपायला, लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर परतली हे पाहतात. निसारच्या एल-बँड रडारलहरीची तरंगलांबी (एका चढउताराची लांबी) 24 सेंटिमीटर. जमीन उपग्रहाकडे 12 सेंटिमीटर सरकली की जाण्यायेण्यात मिळून लहरीचं एक पूर्ण आवर्तन बदलतं, आणि त्याचा छोटा अंशही मोजता येतो. त्यासाठी उपग्रहावरचं घड्याळ अत्यंत स्थिर लागतं, नाहीतर त्याचीच चूक जमिनीच्या माथी बसते.

या नोंदींतून प्रस्तरभंगाजवळ (खडक तुटून सरकतात त्या भेगेजवळ) ताण कसा साचतोय ते उमगतं. दिवस-वेळ सांगणारी पद्धत मात्र आज कुणाकडेच नाही. आपल्या जिल्ह्याने 2014 साली माळीणची दरड पाहिलीय. हळूहळू सरकणारे डोंगरउतार हेरायला हीच मोजणी उपयोगी आहे. मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा तिची मागणी करा.