ट्रामच्या आधीची दोन वर्षं

नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये, कळंबोली महामार्गाजवळ, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. इमारत या शतकातली, पण तिथे सांभाळली जाणारी आकड्यांची मालिका १८४१ साली कुलाब्याला सुरू झाली. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. म्हणजे ही मालिका त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी. ती मध्येच तुटली नाही याचं कारण एक स्थलांतर आहे. ते वेळेत झालं आणि नीट झालं.

आधी मोजायचं काय ते पाहू. पनवेल-अलिबाग भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४३ हजार नॅनोटेस्ला (क्षेत्राची ताकद मोजायचं एकक) भरतं. आकडा मोठा वाटतो, पण फ्रिजच्या दाराला चिकटवायच्या साध्या चुंबकाचं क्षेत्र त्याच्या शंभरपट तरी असतं. ताकदीइतकीच दिशाही महत्त्वाची. चुंबकसुई खऱ्या उत्तरेपासून जितकी बाजूला ढळते तो दिक्पात. आपल्याकडे तो एक अंशाहूनही कमी आहे. सुई मधोमध तोलून मोकळी टांगली, तर तिचं उत्तरेचं टोक क्षितिजाखाली सव्वीस-सत्तावीस अंश झुकतं, ती नती. (नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्ट्यांचा ०८/२६ हा क्रमांक होकायंत्राच्या अंशांवरूनच येतो: ८० अंश आणि उलट बाजूने २६० अंश. दिक्पात जास्त आणि झपाट्याने बदलणारा असेल तिथे असे क्रमांक काही दशकांनी पुन्हा रंगवावे लागतात.)

हे क्षेत्र स्थिर नसतं. सूर्य उगवला की सुमारे ११० किलोमीटर उंचीवर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, विद्युतप्रवाह वाहू लागतात आणि क्षेत्राचा आडवा, म्हणजे क्षैतिज घटक दुपारच्या आसपास काही डझन नॅनोटेस्लांनी वाढून संध्याकाळी पुन्हा खाली येतो. सौरवादळ आलं तर तो काही तासांत शेकड्यांनी घसरतो. आणि पृथ्वीच्या गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालींमुळे तो वर्षागणिक सावकाश सरकत राहतो. उपकरणावर दिसणाऱ्या एकाच आकड्यात या तिन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या काढायच्या, तर एकाच जागी, एकाच शिस्तीने, कित्येक दशकं मोजत राहण्याला पर्याय नाही.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली ती आकाशाच्या वेधांसाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. चुंबकीय नोंदी १८४१ मध्ये एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांनी सुरू केल्या. पुढे डब्लिनच्या टॉमस ग्रबची उपकरणं आली. टांगलेल्या चुंबकाची सूक्ष्म हालचाल दुर्बिणीतून पट्टीवर वाचायची आणि वहीत लिहायची, असं ते काम. दर तासाला एक नोंद, दिवसा आणि रात्रीही. सुई अस्वस्थ झाली की अंतर कमी करून दर पंधरा, नाहीतर दर पाच मिनिटांनी वाचन घ्यायचं.

या शिस्तीचं मोल २ सप्टेंबर १८५९ रोजी कळलं. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक लखलखता स्फोट पाहिला होता. त्याचं वादळ पृथ्वीवर आदळलं आणि मुंबईत सकाळी अकराच्या सुमारास क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. एकूण मूल्याच्या ही घट चार टक्क्यांच्या आसपास. जगातल्या पुष्कळ वेधशाळांची नोंद त्या दिवशी पट्टीच्या बाहेर गेली. विषुववृत्ताच्या एवढ्या जवळची, पूर्ण वाचता येणारी नोंद कुलाब्याची. २००३ साली भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लखिना आणि एस. अलेक्स यांनी अमेरिकेतल्या ब्रूस त्सुरुतानींबरोबर याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता नव्याने काढली. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ज्या वादळाने साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालवली, त्याच्याहून ते बरंच मोठं होतं. आज वीजवाहिन्या आणि उपग्रहांसाठी ‘सर्वांत वाईट काय होऊ शकतं’ याचा अंदाज बांधताना १८५९ हेच वर्ष पुढे ठेवलं जातं, आणि त्यासाठी कुलाब्याची ती वही उघडावी लागते.

आता ट्रामकडे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून होती. विसावं शतक उजाडताना ती विजेवर चालवायचं ठरलं. नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस १८९६ मध्ये वेधशाळेचे संचालक झाले होते; त्या पदावरचे ते पहिले भारतीय. विजेची ट्राम म्हणजे आपल्या उपकरणांचा शेवट, हे त्यांनी ओळखलं.

का, ते साध्या हिशेबाने समजतं. ट्रामला लागणारी वीज एकदिश, म्हणजे डीसी. वरच्या तारेतून प्रवाह येतो, मोटर फिरवतो आणि रुळांतून वीजघराकडे परत जातो. सगळा प्रवाह रुळांतून परतला, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडून काढतात. पण रूळ जमिनीला टेकलेले असतात. प्रवाहाचा काही भाग मातीत झिरपतो आणि ओलसर, खारट जमिनीतून लांबचा फेरा घेत परततो. मग खोडाखोड अपुरी राहते. लांब सरळ तारेतून १०० अँपिअर वाहत असतील, तर एक किलोमीटरवर क्षेत्र २० नॅनोटेस्ला भरतं. तेवढा प्रवाह मातीत गळला की कुलाब्याच्या उपकरणाला सूर्याचा दैनंदिन खेळ आणि ट्रामची गर्दी यांत फरक करता येणार नाही.

इथली खरी मेख वेगळी आहे. असा गोंगाट नंतर गणिताने पुसून टाकता येईल असं वाटतं, पण ट्राम सकाळी सुरू होते, दिवसभर गर्दीप्रमाणे कमीजास्त होते आणि रात्री थांबते. आयनांबरातला प्रवाहही नेमका तसाच वागतो. दोन्हींचं वेळापत्रक चोवीस तासांचं, त्यामुळे सरासरी काढूनही ते वेगळे होत नाहीत. खोटा आकडा खऱ्यासारखाच दिसतो. बिघडलेल्या नोंदीपेक्षा हे जास्त घातक, कारण बिघडलेली नोंद निदान ओळखता येते.

मूस यांनी समुद्रापलीकडे, कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं. वरचाच हिशेब तेवढ्या अंतरावर केला, तर २० नॅनोटेस्लांऐवजी पाऊण नॅनोटेस्लासुद्धा उरत नाही. १९०४ साली तिथे वेधशाळा उभी राहिली. कोकणातला काळा दगड तिच्यासाठी चालण्यासारखा नव्हता. आपला बेसाल्ट हा लाव्हा थिजून झालेला. थिजताना त्यातल्या लोहखनिजांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा कायमची धरून ठेवली. (दख्खनच्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलट सापडते, कारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते.) अशा दगडाची भिंत म्हणजे उपकरणाभोवती हजारो मंद चुंबकं. म्हणून अचुंबकीय असल्याची खात्री करून पोरबंदरचा दगड आणला. बिजागऱ्या-खिळ्यांना लोखंड वर्ज्य. तिथे तांबं, पितळ आणि लाकूड. तापमानाचाही बंदोबस्त केला, कारण ऊब वाढली की चुंबकाची ताकद किंचित घटते आणि तीही क्षेत्र बदलल्यासारखी दिसते.

इमारत झाली तरी मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. संस्थेच्या सगळ्या इतिहासात या निर्णयाइतकं मोलाचं काही नाही, असं मला वाटतं. दोन जागांची मूल्यं कधीच सारखी नसतात. खालचा खडक वेगळा, अक्षांश वेगळे. त्यांतला फरक एकदा मोजून भागत नाही. तो उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात जमीन भिजल्यावर किती, शांत दिवशी किती आणि वादळात किती, हे सगळं पाहावं लागतं. एका वर्षात प्रत्येक ऋतू एकदाच येतो, त्यामुळे दिसलेला बदल ऋतूचा की उपकरणाच्या घसरणीचा, हे ठरत नाही. दुसऱ्या वर्षी ताळा होतो. त्या दोन वर्षांच्या जोरावर कुलाब्याचे आकडे अलिबागच्या आकड्यांना जोडता आले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा कुलाब्याचं चुंबकीय काम आटोपलेलं होतं. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचं विश्लेषण मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत छापलं.

आज अलिबागेत हेच काम कसं चालतं? त्याचे दोन भाग आहेत. पहिला, सतत चालणारा: फ्लक्सगेट नावाचा संवेदक क्षेत्राचे तीन घटक सेकंदासेकंदाला नोंदवतो. तो फरक उत्तम टिपतो, पण मूळ मूल्याबद्दल बेभरवशाचा. तापमानाने, वयाने, पाया किंचित कलल्याने त्याचा शून्य सरकतो. म्हणून दुसरा भाग माणसाच्या हातांनी होतो. अचुंबकीय थिओडोलाइटच्या (कोन मोजायच्या उपकरणाच्या) दुर्बिणीवर छोटा फ्लक्सगेट बसवलेला असतो. निरीक्षक तो खांबावर समतल करतो आणि दूरच्या, खरी दिशा माहीत असलेल्या खुणेवर रोखतो. मग संवेदकाचं वाचन शून्य होईपर्यंत दुर्बीण फिरवतो. शून्य म्हणजे संवेदक क्षेत्राला काटकोनात. दिक्पातासाठी असं चार स्थितींत करायचं, दुर्बीण वर-खाली आणि पूर्व-पश्चिम उलटवून, म्हणजे संवेदक बसवण्यातली चूक सरासरीत कटते. नतीसाठी पुन्हा चार.

एकूण ताकद प्रोटॉन चुंबकमापक देतो, आणि त्याची रीत फार देखणी आहे. केरोसीनसारख्या हायड्रोजनयुक्त द्रवाच्या बाटलीभोवती तारेचं वेटोळं असतं. त्यातून काही सेकंद प्रवाह सोडला की द्रवातले प्रोटॉन एका दिशेला वळतात. प्रवाह तोडला की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डोलतात. ४३ हजार नॅनोटेस्लांत हे डोलणं सेकंदाला सुमारे १,८३१ वेळा होतं. तेवढी आंदोलनं मोजली की क्षेत्र कळलं. प्रोटॉन झिजत नाही आणि म्हातारा होत नाही, म्हणून या आकड्यावर भरवसा ठेवता येतो. मात्र जवळ लोखंड असलं तर बाटलीच्या दोन टोकांना क्षेत्र वेगळं पडतं, प्रोटॉनांची लय फाटते आणि संकेत मोजायच्या आत विरून जातो.

चुका बहुतेक साध्याच असतात. खिशातला मोबाइल, पट्ट्याचं बक्कल, चष्म्याची पोलादी काडी. या वस्तूंचा परिणाम अंतराच्या घनाने घटतो: दहा मीटरवरची मोटार ५० नॅनोटेस्लांचा धक्का देत असेल, तर वीस मीटरवर तो सहाच्या आसपास आणि चाळीसवर एकाच्याही खाली. त्यामुळे वस्तू जितकी जवळ तितकी ती लहान असूनही वाईट. पावसाळ्यात माती फुगून खांब केसभर कलला, तर काही आठवडे सगळे आकडे एका बाजूला सरकतात आणि हाताने घेतलेल्या मोजणीशिवाय ते लक्षातच येत नाही. वेधशाळांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याची अट निरपेक्ष, म्हणजे मूळ मूल्यात ५ नॅनोटेस्लांच्या आत राहण्याची आहे.

१९७१ साली कुलाबा-अलिबागचं हे काम हवामान खात्यापासून वेगळं होऊन स्वायत्त संस्था झाली. ती आज केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखाली आहे. मग वाढ झाली ती जागांच्या रूपाने: तिरुनेलवेली, शिलाँग, प्रयागराज, जयपूर, नागपूर, पोर्ट ब्लेअर, शिवाय अंटार्क्टिका. ही ठिकाणं मोजणीच्या गरजेने निवडलेली आहेत. तिरुनेलवेली चुंबकीय विषुववृत्तालगत आहे; तिथे आयनांबरात दिवसा पूर्वेकडे वाहणारा एक जोरदार अरुंद प्रवाह असतो. अलिबाग त्या पट्ट्याच्या बाहेर. दोन्हीकडच्या क्षैतिज घटकांची वजाबाकी केली की वादळाचा आणि नेहमीच्या दैनंदिन बदलाचा वाटा बराचसा निघून जातो आणि त्या प्रवाहाचं बळ हाती लागतं. एकट्या अलिबागला किंवा एकट्या तिरुनेलवेलीला हे जमलं नसतं. पनवेलमध्ये या सगळ्या जाळ्याची माहिती एकत्र होते, तपासली जाते आणि जागतिक माहिती केंद्रामार्फत जगाला दिली जाते. तिच्यावर पीएचडीचं संशोधन चालतं, आणि पीएचडीनंतरच्या संशोधकांसाठी मूस यांच्या नावाची पाठ्यवृत्ती आहे.

मुख्यालयाजवळूनच गाड्यांची रीघ आणि लोकल जात असल्यामुळे मुख्य मोजणी पनवेलमध्ये होत नाही. लोकलबाबत एक गोष्ट बरी झाली. मुंबईची उपनगरी रेल्वे १९२५ पासून १,५०० व्होल्ट डीसीवर होती. हार्बर मार्गाचा बदल २०१६ मध्ये होऊन ती पूर्णपणे २५ हजार व्होल्ट एसीवर आली. बेलापूर-पेंधर मेट्रोही एसीचीच. एसी प्रवाहाची दिशा सेकंदाला पन्नास वेळा पूर्ण फेरा घेते, त्यामुळे एका सेकंदाच्या सरासरीत त्याचं क्षेत्र जवळपास शून्य होतं. ट्रामचा जुना धोका त्यामुळे ओसरला, पण लोखंडाचा राहिला. पनवेल-पेण-अलिबाग पट्ट्यात इमारती, गोदामं आणि वाहनं वाढत आहेत आणि सळईचा प्रत्येक पिंजरा हा एक लहानसा चुंबक आहे.

म्हणून पर्यायी जागेचा शोध अलिबाग बिघडण्याआधी घ्यावा लागेल. निवडलेल्या जमिनीवर दोन-दोन मीटरवर प्रोटॉन मापकाने चौकटी आखून मोजायचं, जिथे क्षेत्र पावलागणिक उड्या मारतं ते तुकडे सोडायचे, खांब ओतून ते एक पावसाळा स्थिरावू द्यायचे. मग दोन्ही ठिकाणी एकाच वेळी दोन वर्षं नोंदी. या दोन वर्षांत जुनी जागा निर्दोष असायला हवी. ती आधीच बिघडलेली असेल, तर नव्या जागेशी जुळवायला आकडेच उरणार नाहीत.