पार्श्वभूमी: भारी कार्ड ओळखायचं कसं, आणि विनरेटचा घोळ

फोन-पीसीवरच्या कार्डांच्या गेममध्ये नवीन सेट (नव्या कार्डांचा संच) आला की पहिले चार दिवस एकच भांडण, कुठलं कार्ड ओपी (अती भारी) आणि कुठलं डस्ट करायचं (मोडीत काढायचं). आणि बहुतेक वेळा दोघंही 'विनरेट, विनरेट' (शंभरातले किती गेम जिंकले) म्हणून एकमेकांना आकडे दाखवतात पण दोघांचे आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे असतात. हे कुठून आलं ते सांगतो.

मागचं थोडक्यात. आमच्याकडे गोव्यात चवथीला (गणेश चतुर्थीला) रात्रभर पानं खेळतात, तिथे हुकूम ठरला की पानाची किंमत ठरली, वाद संपला. पण पत्रादेवीची हद्द ओलांडून सावंतवाडीला गेलं की दशावतारी गंजिफा मिळते, 120 पानं, दहा रंग, आणि त्यात राजा-प्रधानाच्या खाली निम्म्या रंगांत दश्शी मोठी तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. म्हणजे नुसते ठिपके मोजून तिथेही भागत नव्हतं. मग 1993 ला मॅजिक हा कागदी कार्डांचा गेम आला. त्यात एक माना (कार्ड खेळायला मोजावी लागणारी किंमत) देऊन कशाचे तरी तीन मिळणारी पाच कार्डं होती. हीलिंग साल्व्ह तीन लाईफ द्यायचं, एन्सेस्ट्रल रिकॉल तीन कार्डं द्यायचं. किंमत सारखी, आकडाही सारखा, पण पहिलं कोणी डेकात (खेळायला निवडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात) घेईना आणि दुसरं त्या गेमच्या सगळ्यात ताकदवान नऊ कार्डांत जाऊन बसलं.

खरा विषय सुरू होतो तो हार्थस्टोन या डिजिटल कार्ड गेमपासून, 2014. एप्रिल 2015 ला तो फोनवर आला तेव्हापासून आम्ही पोरं त्यात पडलो. त्या काळात कार्ड तपासायची एकच पद्धत सगळ्यांना पाठ होती, व्हॅनिला टेस्ट. दोन मानाची मगर 2/3 (आधी अटॅक, मग हेल्थ), चार मानाचा यती 4/5, सहा मानाचा ओगर 6/7. अटॅक आणि हेल्थची बेरीज मानाच्या दुप्पट अधिक एक, तेवढी भरली तर कार्ड पास. सोपी पद्धत, आणि नवीन माणसाला मी अजूनही तीच आधी सांगतो. फक्त ती कुठे आपटते तेही सांगावं लागतं.

जुलै 2014 चा अंडरटेकर घ्या. एक मानाचा 1/2, बेरीज तीन, म्हणजे काठावर पास. पण डेथरॅटलवालं (मरताना काहीतरी करून जाणारं) कार्ड उतरवलं की त्याला +1/+1. दुसऱ्या टर्नला 2/3, तिसऱ्याला 3/4, आणि समोरच्याकडे तोपर्यंत उत्तर नसेल तर गेम तिथेच गेला. जानेवारी 2015 ला त्याची हेल्थ वाढणं बंद केलं, फक्त अटॅक ठेवला. कागदावरच्या गेममध्ये बहुतेक वेळा कार्ड बॅनच करतात, इथे छापलेलं वाक्यच बदललं, आणि डिजिटल गेमचा हा फरक तेव्हा आम्हाला पहिल्यांदा नीट कळला. ऑगस्ट 2015 चा मिस्टीरियस चॅलेंजर तर सहा मानाला 6/6, म्हणजे टेस्टला एकाने कमीच, वर तो डेकातून काढतो ती पॅलाडिन या क्लासची एक-एक मानाची सिक्रेट (समोरच्याला न दाखवता लावून ठेवायची) कार्डं, जी कोणी एरवी घेत नव्हतं. कित्येकांनी रिव्ह्यूत त्याला खालचे स्टार दिले. महिन्याभरात लॅडरवर (रँकच्या गेमांत) दर दुसरा पॅलाडिन तेच खेळतोय असं वाटायला लागलं. सगळ्यांनी सिक्रेटं एकेकटी मोजली होती, पाच एकदम उतरली तर काय होईल हे मोजलंच नव्हतं.

मग माणसं आकड्यांकडे वळली. गेम पीसीवर स्वतःची लॉग फाईल लिहितो, ती वाचणारे ट्रॅकर आले, लाखो गेम एकत्र गोळा व्हायला लागले आणि प्रत्येक कार्डासमोर टक्के दिसायला लागले. हे फार चांगलं झालं असं माझं स्पष्ट मत आहे. पण विनरेट म्हणजे कुठला विनरेट? तिथे तीन वेगळे आकडे आहेत. कार्ड ज्या डेकात आहे त्या डेकाचा, कार्ड हातात आलं त्या गेमांचा, आणि कार्ड खेळलं त्या गेमांचा. इथेच सगळा गोंधळ झाला आणि अजून होतोय.

खेळलेल्या कार्डाचा आकडा सगळ्यात फसवा. लीरॉय घ्या, पाच माना, 6/2, चार्ज (उतरला त्याच टर्नला हल्ला करतो), आणि समोरच्याला दोन 1/1 फुकट देतो. हा माणूस कधी खेळतो? समोरच्याचा शेवटचा श्वास राहिलेला असताना. म्हणजे जिंकायची वेळ आल्यावरच तो हातातून खाली येतो आणि त्याच्या नावावर जिंकलेले गेम चढतात, आणि जिथे तो हातात अडकून राहिला आणि आपण हरलो ते गेम या हिशेबात येतच नाहीत. लीरॉय चांगला आहेच, पण हा आकडा त्याची जेवढी बढाई सांगतो तेवढा नाही. हातात आलेल्याचा आकडा मला म्हणून जास्त पटतो, कारण ड्रॉ काय येणार हे कोणी ठरवत नाही, जिंकत असाल तरी येतं हरत असाल तरी येतं. त्यातही लांबलेल्या गेममध्ये जास्त कार्डं हातात येतात एवढं धरून चालायचं.

आणि तोही आकडा एका कार्डापुढे पूर्ण उलटा पडला. डिसेंबर 2016 चा पॅचेस. एक मानाचा 1/1 चार्ज, पायरेट जातीचं पहिलं कार्ड खेळलात की डेकातून स्वतः उडी मारून येतो. म्हणजे तो डेकात राहण्यातच फायदा, हातात आला तर ते मेलेलं कार्ड. पहिल्या तीन कार्डांत तो यायची शक्यता दहात एक. आता ज्या गेममध्ये हातात आला त्यांचा विनरेट काढला तर तो पडणारच, आणि ते बघून कोणी म्हणेल पॅचेस डेकातलं सगळ्यात वाईट कार्ड, काढा. तो काढला तर डेकच बसतं!

2017 च्या चवथीला पेडण्याच्या घरी हे आम्ही हाताने करून बघितलं. बाहेर पाऊस, लाईट गेलेली, आत माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) मोठी माणसं पानं पिसतायत आणि आम्ही दोघं चुलत भाऊ पडवीत फोन घेऊन. त्याच्याकडे शाळेची रेघांची वही होती, त्यात दोन कॉलम, 'पॅचेस हातात' आणि 'पॅचेस डेकात', जिंकलं की टिक, हरलं की फुली. तीन दिवसांत साठ गेम. पहिल्या कॉलमात फुल्याच फुल्या. तो म्हणाला, "अरे दादा, हे कार्ड तर आपल्याला हरवतंय." मी म्हटलं दुसरा कॉलम बघ आणि मग बोल. बरं, साठ गेममध्ये दहा-बारा टक्के नुसत्या नशिबाने इकडेतिकडे होतात, त्यामुळे त्या वहीने काही सिद्ध झालं नाही, पण प्रश्न कुठे आहे ते डोळ्यांना दिसलं. फेब्रुवारी 2018 ला पॅचेसचा चार्ज काढला. त्याच अपडेटमध्ये कॉरिडॉर क्रीपरचा अटॅक पाचवरून दोनवर आणला, ते सात मानाचं कार्ड बऱ्याच वेळा फुकट उतरत होतं.

ट्रॅकर लावणारा खेळाडू मुळात जरा बरा खेळतो, म्हणून तिथे साध्या डेकाचा आकडाही 50 च्या वर दिसतो. 52 बघून हुरळून जाऊ नका, तिथली सरासरी किती ते आधी बघा.

पुढच्या गेमांनी मोजमापच बदललं. ऑक्टोबर 2022 ला मार्व्हल स्नॅप आला, बारा कार्डं, सहा टर्न, आणि मध्येच माघार घेता येते. तिथे किती गेम जिंकलात यापेक्षा किती क्यूब (गेमवर लागलेले पैजेचे गुण) कमावलेत हे महत्त्वाचं, हरताना एक घालवून जिंकताना आठ घेणारा माणूस अर्ध्याहून कमी जिंकूनही वर चढतो. त्यामुळे समोरच्याला शेवटपर्यंत न कळणारं कार्ड तिथे जास्त मोलाचं, कळलं की तो एक क्यूब देऊन पळतो.

आणि ऑक्टोबर 2024 पासूनच्या पोकेमॉन पॉकेट या कार्ड गेममधली मिस्टी. काटा येईपर्यंत नाणं उडवत राहायचं, जेवढे छाप तेवढी पाण्याची एनर्जी (हल्ल्याला लागणारं इंधन). सरासरी काढली तर एक एनर्जी, म्हणजे ठीकठाक कार्ड. पण निम्म्या वेळा शून्य मिळतं, आणि आठातल्या एका वेळी तीन किंवा जास्त, आणि पहिल्याच टर्नला तेवढी मिळाली की समोरच्याला हात हलवायलाही जागा राहत नाही. कोणी तिला कचरा म्हणतं, कोणी ओपी. त्यांना मी आधी विचारतो की तुम्ही सरासरी बघताय की तो आठातला एक गेम.