परीक्षण वेगळं, शिफारस वेगळी

‘काहीतरी चांगलं वाचायला सुचवा ना’ असं कुणी म्हणायचा अवकाश, पुस्तकांच्या नावांचा पाऊस पडतो. जो तो आपल्याला आवडलेलं, गाजलेलं, पुरस्कार मिळालेलं पुस्तक पुढे करतो. विचारणाऱ्याने आधी काय वाचलंय, कशात रमला, कशाला कंटाळला, हे कुणी विचारत नाही. आणि या सगळ्या प्रकाराला शिफारस म्हणतात! ‘अप्रतिम पुस्तक, नक्की वाचा’ हे दोन शब्दांचं परीक्षण झालं आणि त्याला जोडलेला एक हुकूम. शिफारस अजून सुरूच झालेली नाही.

परीक्षण म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पुस्तक कशाबद्दल आहे, लेखकाला काय साधलं, कुठे तोल गेला. परीक्षक चांगला असेल तर शेवट फोडत नाही, वाईट असेल तर अर्धी गोष्ट स्वतःच सांगून मोकळा होतो. मलपृष्ठावरचा मजकूर यात धरूच नका, ती जाहिरात. त्यासाठीचा इंग्रजी ‘ब्लर्ब’ हा शब्दच मुळी गेलेट बर्जेस या अमेरिकी विनोदी लेखकाने १९०७ साली असल्या मजकुराची टिंगल करताना काढला. त्याच्याही आधी, १८५६ मध्ये, अमेरिकी कवी वॉल्ट व्हिटमनने नामवंत लेखक इमर्सनच्या खासगी पत्रातली कौतुकाची ओळ त्याला न विचारता आपल्या कवितासंग्रहाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापली होती. म्हणजे खोड जुनीच.

गल्लत होते ती पुढे. परीक्षणात दोघंच असतात, पुस्तक आणि परीक्षक. शिफारशीत तिसरा माणूस लागतो, म्हणजे तुम्ही. ‘ही कादंबरी उत्तम आहे’ हे म्हणणं कुणाच्याही समोर म्हटलं तरी तेच राहतं. ‘ही कादंबरी तू वाच’ हे समोरचा माणूस बदलला की चुकू शकतं. इतकंच काय, माणूस तोच असला आणि त्याचे दिवस बदलले, तरीही चुकतं.

हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकलो. वहिनींचे वडील आजारी होते आणि रात्रीचं त्यांच्या उशाशी बसायचं काम वहिनींकडे होतं. त्यांनी वाचायला काहीतरी मागितलं. मी मोठ्या दिमाखात सहाशे पानांची, तीन पिढ्यांची, पुरस्कारविजेती कादंबरी काढून दिली. पंधरा दिवसांनी परत आली. त्रेचाळिसाव्या पानावर खूण म्हणून गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची पट्टी होती.

‘पुस्तक चांगलंय हो भावजी,’ त्या म्हणाल्या, ‘पण दर दहा मिनिटांनी मी उठते. परत येऊन बसले की हा कुणाचा नातू आणि ती कुणाची जाऊ, इथपासून सुरुवात.’

कादंबरीत काही खोट नव्हती, वहिनींच्या वाचनातही नव्हती. मी त्यांना परीक्षण दिलं होतं. त्यांना हवं होतं ते कुठलंही पान उघडून सुरू करता येईल आणि कुठेही मिटता येईल असं पुस्तक. मी फक्त ‘वाचायला सलग वेळ मिळतो का?’ एवढं विचारलं असतं तरी चुकलो नसतो.

पुरस्कारांचंही तसंच आहे. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की या दोन अभ्यासकांनी २०१४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. नामांकित पुरस्कार मिळालेली आणि अंतिम यादीत येऊन हुकलेली अशी ६४ इंग्रजी पुस्तकं घेऊन त्यांनी वाचकांचे ३८,८१७ अभिप्राय तपासले. पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकांचं वाचकांनी केलेलं मूल्यांकन हुकलेल्यांपेक्षा जास्त घसरलं होतं. पुस्तकातली तर एक ओळही बदलली नव्हती. बदलले होते ते वाचणारे. एरवी त्या वाटेला न जाणारे लोक पुरस्कार बघून आले, आणि ते पुस्तक त्यांच्यासाठी नव्हतंच. निवड समितीने परीक्षण केलं होतं, लोकांनी ते शिफारस म्हणून वाचलं.

वाचक ऑनलाइन देतात त्या ताऱ्यांची सरासरी याच वर्गातली. एका पुस्तकाला सगळ्यांनी तीन तारे दिले आणि दुसऱ्याला अर्ध्यांनी पाच, अर्ध्यांनी एक, तर दोघांचीही सरासरी तीनच. पहिलं पुस्तक कुणाच्याच लक्षात राहणार नाही. दुसरं तुम्हाला झपाटून टाकेल किंवा खिडकीतून फेकावंसं वाटेल. मी तर एक तारेवाल्यांचे अभिप्राय आधी वाचतो. ‘काहीच घडत नाही, नुसती वर्णनं’ असं कुणी चिडून लिहिलं असेल तर ते पुस्तक बहुधा माझंच असतं. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याची आवड माझ्या बरोबर उलटी आहे. तो ज्याला ‘बोअर’ म्हणतो त्याचं नाव मी गुपचूप लिहून ठेवतो. सगळं काही ‘मस्तच’ म्हणणाऱ्या मित्रांपेक्षा तो माणूस मला फार उपयोगी पडलाय.

आणि ते ‘प्रत्येकाने वाचलंच पाहिजे असं पुस्तक’! असं पुस्तक नसतं. ‘मरण्यापूर्वी वाचायची शंभर पुस्तकं’ ही यादी तर मला धमकीच वाटते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला एक ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ आणि लगेच पुढचा ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’. त्याचं, त्याचा. ‘प्रत्येक वाचकाला प्रत्येक पुस्तक’ असं ते कुठेही म्हणत नाहीत.

मग खरी शिफारस करायची कशी? अनुभवी ग्रंथपाल ‘तुम्हाला कुठला प्रकार आवडतो?’ एवढ्यावर थांबत नाहीत. ‘अलीकडे आवडलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल सांगा’ म्हणतात आणि तुम्ही कुठून बोलायला लागता ते ऐकतात. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांच्या मते पुस्तकात शिरायचे चार दरवाजे असतात: कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा. समजा, एकच रहस्यकथा दोघांना आवडली. एक म्हणतो, ‘खून कुणी केला ते कळेपर्यंत झोपलो नाही.’ दुसरी म्हणते, ‘ते धुक्यातलं बंदर अजून डोळ्यांसमोर आहे.’ पहिल्याला आणखी एक रहस्यकथा खुशाल द्या. दुसरीला कदाचित समुद्राकाठचं प्रवासवर्णन जास्त आवडेल, त्यात एकही प्रेत नसलं तरी. मी यात माझा एक प्रश्न जोडतो: अर्धवट टाकलेलं शेवटचं पुस्तक कोणतं, आणि का टाकलंत? आवडीबद्दल लोक थोडं नटूनथटून बोलतात. कंटाळ्याबद्दल खरं बोलतात.

‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ म्हणणारी ऑनलाइन दुकानांची यंत्रणा परीक्षण आणि शिफारस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. ती पुस्तकाच्या दर्जाबद्दल काही बोलत नाही आणि तुमच्या खरेदीकडे बघते, म्हणून परीक्षणापेक्षा शिफारशीला जवळची. पण तुम्ही काय घेतलंत एवढंच तिला दिसतं, का घेतलंत ते नाही. भाचीला डायनासोरचं पुस्तक भेट द्या, पुढचे कितीतरी दिवस तुमच्यापुढे डायनासोर नाचतात.

शिफारस चुकली तर सोडायची मोकळीकही द्यावी. पर्लबाईंचा नियम मला पटतो: पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर ठेवून द्या. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. साठीच्या माणसाला चाळीस पुरेत.

वहिनींना नंतर मी छोट्या ललित लेखांचं दीडशे पानांचं पुस्तक दिलं. चौथ्या दिवशी ‘याच लेखकाचं दुसरं आहे का?’ म्हणून फोन. वडील बरे होऊन घरी आले तेव्हा मात्र वहिनींनी आपण होऊन ती सहाशे पानी कादंबरी परत मागून नेली. आता दोनशे दहाव्या पानावर अडकल्यात. ‘मधला भाग उगाच ताणलाय, भावजी,’ म्हणतात. हे मात्र परीक्षण झालं, आणि ते बरोबर आहे.