क्रोशे स्वेटरचे नियोजन
क्रोशाच्या एकाच आकडीदार सुईने स्वेटर विणायला घेण्यापूर्वी धागा, घाट, माप आणि टाक्यांचा हिशेब ठरवून घेण्याची पद्धत. दोन सुयांवरच्या विणकामात ओळीतली सगळी घरे सुईवर असतात. क्रोशात एक टाका पुरा होतो, मगच दुसरा. त्यामुळे उसवणे सोपे, पण वीण जाड होते आणि धागा जास्त लागतो.

गोव्यातल्या घरांत क्रोशे ओळखीचे आहे ते तोरण, टेबलक्लॉथ आणि रुमालाच्या लेसमुळे. ते काम बारीक दोऱ्याचे, सुई दीड मिलिमीटरच्या आसपास. स्वेटरला ४ ते ५ मिमी सुई लागते. लेसची सवय असलेला हात टाका घट्ट ओढतो आणि पहिला स्वेटर बहुधा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो.

गोव्यात जानेवारीतही रात्रीचा पारा साधारण २० अंशांवर असतो. स्वेटर अंगावर चढतो तो एसीच्या ऑफिसात, रात्रीच्या बसमध्ये, फार तर डिसेंबरच्या पहाटे. म्हणून लोकरीपेक्षा सुती किंवा सुती-मिश्र धागा बरा. ॲक्रिलिक स्वस्त असले तरी घाम शोषत नाही. सुताचा दोष त्याच्या वजनात आहे: हँगरला लावलेला स्वेटर काही दिवसांत गुडघ्याकडे निघतो. लांबी जरा कमी धरावी आणि स्वेटर घडी घालून ठेवावा.

नियोजनाचा खरा आधार म्हणजे नमुन्याचा चौकोन. निदान १५ सेंमीचा विणावा, धुऊन सपाट वाळवावा आणि मधल्या १० सेंमीतले टाके मोजावेत. समजा १४ खांब (क्रोशाचा उंच टाका) भरले. छाती ९२ सेंमी, सैलपणा ८, एकूण १००. म्हणजे पुढचा भाग ५० सेंमी, ७० खांबांचा. पाठही तेवढीच. प्रत्यक्ष विणताना हात आवळला आणि १० सेंमीत १५ खांब बसले, तर तेच ७० खांब ४७ सेंमीही भरत नाहीत. एका खांबाच्या फरकाने जवळजवळ सगळा सैलपणा जातो. चौकोन टाळून वेळ वाचवणारे पुढे आख्खी पाठ उसवत बसतात.

धाग्याचा अंदाजही चौकोनावरूनच. १० सेंमी चौरसाला ६ ग्रॅम लागत असतील आणि पुढचा भाग, पाठ, बाह्या मिळून असे ८५ चौरस होत असतील, तर ५१० ग्रॅम. शिवणी आणि काठासाठी दहा टक्के वाढवले की १०० ग्रॅमचे सहा गुंडे. ते एकदमच घ्यावेत आणि लेबलावरचा लॉट नंबर जुळवावा, नाहीतर बाहीचा रंग वेगळा पडतो. आषाढ-श्रावणात चौकोनाचे वजन थोडे जास्तच भरते, कारण सूत हवेतली ओल धरते. तो सुकायलाही दोन दिवस घेतो.

इंटरनेटवरचे नमुने वाचताना एक घोळ हमखास होतो. अमेरिकन पद्धतीतला सिंगल क्रोशे हाच ब्रिटिश पद्धतीतला डबल. आपल्याकडचे शब्द या बाबतीत सरळ आहेत: साखळी, मुका खांब (आखूड टाका), खांब. नमुना कुठल्या पद्धतीचा ते आधी पाहून कागदावर मराठीत उतरवून घेतला, की बाहीची उंची चुकत नाही.

घाट साधाच निवडावा. चार सरळ तुकडे, उतरता खांदा (बाहीचा जोड खांद्याच्या खाली दंडावर येतो तो) आणि रुंद गळा हा सध्याचा प्रकार नवख्यालाही जमतो. वरून खाली विणायच्या रॅग्लनमध्ये (बाही गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेला घाट) जोड कमी, शिवाय मधूनच अंगाला लावून पाहता येतो.