३२०० ची रॅम २६६६ वर का चालते?

एम. जी. रोडवरून ३२०० वेगाची रॅम आणून बसवली आणि पडद्यावर २६६६ दिसलं, की नाशिककराचा पहिला संशय दुकानदारावर जातो. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्यावर तो अन्याय असतो. रॅम अस्सलच असते, पण ती किती वेगाने चालणार हे ठरतं दुसरीकडे. ते ठिकाण मधल्या काळात बदललं, आणि गोंधळाचं मूळ तिथे आहे.

१९९० च्या दशकाच्या शेवटी पीसी-१००, पीसी-१३३ रॅम यायची तेव्हा हिशेब सरळ होता. घड्याळाच्या एका ठोक्याला एकदा डेटा जायचा, म्हणून १३३ म्हणजे खरोखर १३३ मेगाहर्ट्झ. २००० मध्ये डीडीआर (डबल डेटा रेट) रॅमचं मानक आलं आणि एका ठोक्यात दोनदा डेटा जाऊ लागला. डीडीआर-४०० चं घड्याळ प्रत्यक्षात २०० चंच होतं, तरी पाकिटावर मेगाहर्ट्झ छापायची सवय राहिली. म्हणूनच आज डीडीआर४-३२०० रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दाखवते, आणि ते बरोबर असतं.

खरा बदल झाला तो प्रोसेसरमध्ये. पूर्वी मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, मदरबोर्डवरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये असायचा, त्यामुळे रॅम घेताना बोर्ड पाहिला की भागायचं. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ मध्ये तो प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ मध्ये. तेव्हापासून प्रत्येक प्रोसेसरला रॅमच्या वेगाची स्वतःची अधिकृत मर्यादा आहे. रायझन ५ ३६०० ची ३२००, कोअर आय५-१०४०० ची २६६६. हा आय५ बी४६० चिपसेटच्या (बोर्डाची क्षमता ठरवणाऱ्या चिपच्या) बोर्डावर असेल, तर त्यापुढे जाताच येत नाही. २०२१ च्या बी५६० चिपसेटपासून इंटेलने मधल्या किमतीच्या बोर्डांनाही मर्यादेपुढे जायची मुभा दिली. माझ्या मते ती फार उशिरा दिली.

ज्या बोर्डावर मुभा आहे तिथेही बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग लागू करणारी सेटिंग, चालू करावी लागते. नाहीतर ३६०० ची स्टिक निमूटपणे २१३३ किंवा २४०० वर चालत राहते, आणि मोजलेले जास्तीचे पैसे वाया जातात. हे काउंटरवरच सांगायला हवं.

रॅमची पिढीच चुकली तर मात्र इलाज नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिन, पण खाच वेगळ्या जागी. इंटेलच्या प्रोसेसरची १२ वी पिढी दोन्ही चालवते, तरी बोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटला (प्रोसेसर बसतो त्या खाचेला) फक्त डीडीआर५ चालते.

आकडे एवढे वाढले, पण पहिला डेटा हाती येण्याचा वेळ फारसा घटला नाही. सीएल म्हणजे डेटा मिळेपर्यंत जाणारे घड्याळाचे ठोके; सीएल२ ची डीडीआर-४०० घ्या, सीएल१६ ची डीडीआर४-३२०० घ्या किंवा सीएल३० ची डीडीआर५-६००० घ्या, तिन्हींचा हिशेब १० नॅनोसेकंदच येतो. वाढली ती एका वेळी वाहून नेण्याची क्षमता. म्हणून सातपूर-अंबडच्या छोट्या ऑफिसातल्या, एकाच स्टिकवर चालणाऱ्या डीडीआर४ मशीनसाठी महागडी वेगवान रॅम शोधण्यापेक्षा तशीच दुसरी स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावावी. रॅमकडे जाणारे दोन्ही मार्ग (चॅनेल) चालू होतात आणि प्रोसेसरची मर्यादा न ओलांडता ही वाहून नेण्याची क्षमता (बँडविड्थ) दुप्पट होते.