स्प्रॉकेट मागण्याआधी टायर मोजा

ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीसाठी, क्वाड (चार चाकांची एटीव्ही) तयार करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आठवड्यातून चार-पाच वेळा तरी आमच्या फोनवर एकच मेसेज येतो : "दादा, बॅन्शी आहे, १४-४१ आहे, पिकअप पाहिजे, मागे किती दाती टाकू?" बॅन्शी ही यामाहाची टू-स्ट्रोक क्वाड, आणि १४-४१ म्हणजे चेनच्या पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटचे (दातेरी चकतीचे) दात. आम्ही आकडा सांगत नाही. उलट विचारतो, टायर कुठला, हवा किती, घेर मोजलाय का? मग पलीकडे एक तर निळ्या टिका आणि शांतता, नाहीतर "टायर नॉर्मलच आहे हो". काहींना वाटतं, आम्ही आकडा दाबून ठेवतो आणि रबाळ्याला गाळ्यावर बोलावून पैसे काढतो. म्हणून हे पत्रक छापलं. एकदा निवांत वाचा, तुमची एक खेप वाचेल आणि आमचा एक दिवस.

चेन-स्प्रॉकेटचा हिशेब तुम्हाला येतो. मागचे दात भागिले पुढचे दात, ४१ भागिले १४ म्हणजे २.९३. आकडा वाढला की पिकअप, घटला की टॉप स्पीड. पुढचा एक दात कमी करणं हे मागचे तीन वाढवण्यासारखंच. १३-४१ घ्या की १४-४४, दोन्ही ३.१५ च्या आसपास येतात. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर असतं. पण स्प्रॉकेट फक्त एक्सल फिरवतं. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते ते ठरवतो टायर, आणि त्याला हिशेबात कोणी धरतच नाही.

टायर म्हणजे तिसरं स्प्रॉकेट

मागच्या टायरवर २०-११-९ असं लिहिलेलं असतं. त्यातला २० म्हणजे टायरची इंचातली उंची. कागदावर त्याचा घेर १५९ सेंमीच्या थोडा वर येतो. पण हा टायर चार-पाच पीएसआय इतक्या कमी दाबाच्या हवेवर चालतो, वर तुम्ही बसता, तो दबतो. समजा प्रत्यक्षात १५४ भरला. आता गाडी खाली बसावी म्हणून कोणी १८ इंची टायर चढवला आणि तो भरला १३९. स्प्रॉकेटला हात न लावता गिअरिंग दहा-अकरा टक्क्यांनी आखूड झालं. जुन्या टायरच्या भाषेत, ४१ काढून ४५ च्याही थोडं पुढचं स्प्रॉकेट लावल्यासारखं. पहिल्यासारखं गिअरिंग परत हवं असेल तर नव्या टायरला मागे ३७ दाती लागेल. चार दातांचा फरक आहे हा, आणि ग्राहक आमच्याशी वाद घालत असतो की ४२ घ्यावं की ४३.

कल्याणहून एक गाडी आली होती, मालकाचं नाव नको. दोन दिवस घालवून आम्ही गिअरिंग लावलं, शर्यत संपते त्या रेषेवर सहाव्या गिअरमध्ये इंजिन ऐन ताकदीत येईल असं. गाडी गेली. रेसच्या आदल्या रात्री त्यांना मित्राकडून बुटके टायर मिळाले, ते चढवले. दुसऱ्या दिवशी फोन : "तुमचं सेटिंग फसलं. रेषा यायच्या आधीच गाडी किंचाळायला लागली, आणि पुढे गिअरच नाही." टायरचा विषय निघाला तो तिसऱ्या फोनला. थोडं आमचंही चुकलं. टायर बदलू नका हे आम्ही तोंडी सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं. आता बिलावर दोन्ही टायरचा घेर आणि हवा लिहूनच देतो. त्यातलं काहीही बदललंत तर ते सेटिंग आमचं राहिलं नाही, असं समजा.

मोजायचं कसं

सपाट सिमेंट हवं, सोसायटीचं पार्किंग चालेल. रेसला ठेवता तेवढीच हवा भरा. चालवणारा हेल्मेट-बुटांसकट गाडीवर बसलेला हवा. टायर जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोघांनी सरळ ढकला. टायरचे तीन फेरे झाले आणि खूण पुन्हा खाली आली की तिथे जमिनीवर दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा, तीनने भागा. वरचा १५४ चा टायर तीन फेऱ्यांत ४ मीटर ६२ सेंमी जातो. एकाच फेऱ्यावर मोजलंत तर खडूच्या रेघेची जाडीसुद्धा उत्तरात येते. माणूस उतरवून मोजलंत तर आकडा जास्त येतो आणि स्प्रॉकेट चुकतं. सुरुवातीला आम्हीही रिकामी गाडीच ढकलत होतो, त्यामुळे यात हसण्यासारखं काही नाही.

मागचे दोन्ही टायर मोजा, वेगवेगळे. स्पोर्ट क्वाडला मागे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) नसतं, दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर असतात. उजव्याचा घेर डाव्यापेक्षा दोन सेंमी जास्त असला तर दर फेऱ्याला उजवी बाजू पुढे जायला बघते आणि गाडी डावीकडे ओढते. तुम्ही सगळी रेस हँडल उजवीकडे दाबून पळता. "अलाइनमेंट बघा" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या आम्ही फक्त दोन्हीकडची हवा जुळवून परत पाठवल्यात, पैसे न घेता.

हवेवरून आठवलं. पेट्रोल पंपावरचा गेज इथे कामाचा नाही. चार पीएसआयमध्ये एकाची चूक म्हणजे पाव हिस्सा चुकला, आणि तो काटा एवढ्या खाली नीट दाखवतच नाही. त्यात पंपावरचा पोरगा सवयीने तीस मारतो, क्वाडच्या टायरला ते धोक्याचं आहे. ० ते १५ पीएसआयचा लो-प्रेशर गेज घ्या. आमच्याकडे असतो. बाहेरून घेतलात तरी चालेल, पण घ्या.

मग किती दाती?

आमचा पहिला प्रश्न पिकअपचा नसतो, अंतराचा असतो. ४०२ मीटर म्हणजे पाव मैल, की २०१? यूट्यूबवर बघून जे आकडे लोक आणतात त्यातले बरेच अमेरिकेतल्या वाळूवरच्या रेसचे असतात. तिथे ३०० फुटांची, म्हणजे ९१ मीटरची रेस चालते आणि मागे पाती असलेले पॅडल टायर असतात. ते सेटिंग डांबरी धावपट्टीवर ४०२ मीटरला लावलंत तर निम्म्या वाटेतच गिअर संपतात.

दुसरा प्रश्न : रेषा ओलांडताना कुठल्या गिअरमध्ये आणि किती आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) असता? इंजिनची सगळ्यात जास्त ताकद जिथे मिळते त्याच्या किंचित वर, शेवटच्या वापरलेल्या गिअरमध्ये, रेषा यायला हवी. तिथवर इंजिन पोचतच नसेल तर मागचे दात वाढवू. आधीच पोचून नुसतं ओरडत असेल तर कमी करू. आणि रेषेच्या तोंडावर गिअर टाकावा लागत असेल, तर गिअरिंग जरा लांब करून खालच्या गिअरमध्येच रेष गाठलेली बरी, त्या एका गिअरपायी गेलेला वेळ परत मिळत नाही. बॅन्शीला कंपनीचा आरपीएम मीटर येत नाही. प्लगच्या वायरवर गुंडाळून चालणारा छोटा टॅको आम्ही बसवून देतो. त्याशिवाय "साधारण आठ-नऊ हजार असेल" यावर स्प्रॉकेट ठरवायला आम्ही तयार नाही.

एक मागणी मात्र आमच्या हातात नाही. "दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं की गाडी मरते, स्प्रॉकेट बदलून द्या." स्प्रॉकेट सगळे गिअर एकाच प्रमाणात हलवतं. दोन गिअरमधली दरी गिअरबॉक्सच्या आतल्या दातांनी ठरते, बाहेरच्या नाही. एक्सपान्शन पाइप (मधे फुगीर असलेला एक्झॉस्ट) लावलेल्या टू-स्ट्रोकला ताकद मिळते ती आरपीएमच्या छोट्या पट्ट्यात; गिअर टाकल्यावर इंजिन त्याच्या खाली पडत असेल तर पाइप, पोर्टिंग (सिलिंडरमधल्या खिडक्यांचा आकार बदलणं) किंवा गिअर उशिरा टाकणं, यातलं काहीतरी बघावं लागतं. यामाहाच्याच फोर-स्ट्रोक रॅप्टर ७०० वाल्यांना हा त्रास कमी. ६८६ सीसीचं सिंगल सिलिंडर, खालपासून ओढणारं, कंपनीचं १४-३८. त्यांना आम्ही बहुतेक वेळा दात कमी करायला सांगतो, आणि ते ऐकत नाहीत.

पुढे १३ च्या खाली जाऊ नका. एवढ्या छोट्या गोलावरून चेन वळवली की चेनही लवकर जाते आणि स्विंगआर्मवरची (मागचा एक्सल धरणाऱ्या दांड्यावरची) रबरी पट्टीही घासते. मागचे चार दात वाढले की चेनला साधारण दोन कड्या जास्त लागतात. स्विंगआर्म चार इंच लांब केलात तर बारा ते चौदा. म्हणून स्प्रॉकेटबरोबर चेन विकतो तेव्हा आम्ही माल गळ्यात मारत नाही आहोत. जुन्या ताणलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवलं तर त्याचे दात बघता बघता वाकडे होतात, आणि मग "तुमचं अॅल्युमिनियम कच्चं" हे ऐकायला आम्हीच. मागची स्प्रॉकेटं आम्ही ७०७५ अॅल्युमिनियममध्ये कापून घेतो, ३६ ते ४६ पर्यंत कुठलेही दात, चार-पाच दिवसांत. पुढचं स्टीलचं तयारच घ्या, ते आम्ही करत नाही.

जेटचं थोडक्यात

जेट (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारा छोटा भाग) आणि स्प्रॉकेट एकाच दिवशी बदलू नका. गाडी सुधारली तर कशाने ते कळत नाही, आणि बिघडली तर दोन्हीवर संशय. आधी इंजिन नीट चालू दे, मग गिअरिंग.

बोरघाट चढून लोणावळ्याकडे गेलात की सहाशे मीटरच्या वर हवा साधारण सहा टक्क्यांनी विरळ होते. गाडी तिथे रिच वाटते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, कोणीतरी मेन जेट छोटा करतं, गाडी मस्त पळते. रविवारी रात्री खाली ठाण्याला आलात, पुढच्या शनिवारी पहाटेच्या गारव्यात त्याच जेटवर पूर्ण थ्रॉटल दिलात की इंजिन लीन चालतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकचा पिस्टन असाच सीझ होतो. मेची दुपार आणि डिसेंबरची पहाट यांच्यातही हवेच्या घनतेचा जवळपास तेवढाच फरक पडतो. वर बदललेला जेट खाली यायच्या आधीच परत बदला, आणि काढलेला जेट डबीत घालून त्यावर नंबर लिहा. नुसता जेट हातात घेऊन "हा कुठला?" विचारलंत तर भिंग शोधण्यात अर्धा तास जातो.

ट्रायल कुठे?

पामबीच रोडवर नाही. घोडबंदरला पहाटेसुद्धा नाही. या गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणी नसते, आणि रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अखंड एक्सल आणि चांगली पकड असलेलं डांबर, यात क्वाड वळवताना उलटायला वेळ लागत नाही. खाजगी जागा किंवा मान्यता असलेली स्पर्धा. मनगटाला बांधायची किल-स्विचची (माणूस पडला की इंजिन बंद करणारी) दोरी नसलेली गाडी आम्ही ट्रायलला काढत नाही, मालक कितीही ओळखीचा असला तरी.

येताना

रेसचेच टायर लावून या. "ते घरी आहेत, नंतर घालतो" चालणार नाही, ही एकच अट आम्ही कडक पाळतो. घेर मोजलेला असेल तर कागदावर लिहून आणा. आम्ही परत मोजतो, पण दोन्ही आकडे जुळले की काम त्याच दिवशी निघतं. पहिल्या तपासणीची फी घेतो आणि स्प्रॉकेट-चेन आमच्याकडून घेतलीत तर ती बिलात वळती करतो. फोनवर आकडा न सांगण्याचं कारण एवढंच, की चुकीच्या टायरवर सांगितलेला आकडाही आमच्याच नावावर फिरतो.

गाडी छोटा हत्तीवर आणत असाल तर कल्याण-डोंबिवलीकरांनी शिळफाट्याची संध्याकाळ टाळून सकाळी निघावं. गाळ्याच्या दारात सिमेंटवर पाच मीटरची पांढरी रेघ आखलेली आहे, गाडी सरळ तिच्यावर उतरवा. सोमवारी बंद.